पहिली प्रिंट घेण्याआधी

कलाप्रिंटचा संग्रह अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉलपासून सुरू करतोयस, छानच! आत्ता त्याचा एकच संच नीट ओळखायला शीक. लिलाव, गुंतवणूक वगैरे नंतर. १९६७च्या 'मेरिलिन' (अभिनेत्री मेरिलिन मन्रो) संचात १० स्क्रीनप्रिंट (जाळीच्या पडद्यातून शाई दाबून काढलेल्या प्रिंट), प्रत्येकीच्या २५० प्रती. सही आणि प्रतीचा क्रमांक मागच्या बाजूला, म्हणून फ्रेम उघडून पाठ बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

नवखे हमखास पोस्टरला प्रिंट समजतात. भिंग लाव: चार रंगांच्या बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते ऑफसेट, म्हणजे छापखान्याच्या यंत्रावर छापलेलं पोस्टर. स्क्रीनप्रिंटमध्ये शाईचा सलग थर दिसतो.

आणि म्हापशात राहतोस, तेव्हा पावसाळ्याला सांभाळ. दमटपणाने कागदावर तपकिरी डाग उठतात.
- आम्लमुक्त माउंट (प्रिंटभोवतीचा पुठ्ठा); कागद काचेला टेकता कामा नये.
- ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नकोस.
- चिकटपट्टी, लॅमिनेशन कधीच नाही. लॅमिनेट केलेली प्रिंट संग्राहक घेत नाहीत.