'आज पाऊस येऊ शकतो' याचं इंग्रजी 'इट कॅन रेन टुडे' का होत नाही?

तुम्ही विचारलंय की 'इट कॅन रेन टुडे' लिहिलं तर सर लाल रेघ मारतात, मग 'शकतो'ला कॅन, मे, माइट, कुड यांतलं घ्यायचं कोणतं?

गोम आपल्या 'शकतो'मध्येच आहे. 'तो पोहू शकतो' ही अंगातली कला झाली, 'पाऊस येऊ शकतो' हा नुसता अंदाज. मराठी दोन्हीकडे एकच शब्द चालवते. म्हणून आधी 'शकतो' काढून 'कदाचित' घालून बघा. 'कदाचित पाऊस येईल' हे तुमच्या मनातलंच वाक्य असेल, तर 'इट मे रेन', 'इट माइट रेन', 'इट कुड रेन', तिन्ही चालतात. 'माइट'मध्ये शक्यता कमी असते असं गाइडात लिहिलेलं असतं, पण बोलताना तो फरक फारसा कोणी पाळत नाही. त्यावर रात्र घालवू नका.

'कॅन' लागतं ते अंगातल्या कलेला, 'ही कॅन स्विम', नाहीतर नेहमीच्या अनुभवाला. 'चंद्रपूर कॅन बी टेरिबली हॉट इन मे.' (हा 'मे' महिना आहे बरं.)

खरी फजिती नकारात होते. मी एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधतात त्या कारखान्यात, लिहिण्याचं काम करायचो. मालक म्हणाले, "उद्या गाडी नाही पोचत वाटते बावा, पार्टीला कळवून दे." मी कळवलं, 'द ट्रक कॅनॉट रीच टुमॉरो'. 'वाटते' माझ्याकडेच राहून गेलं! पार्टीनं 'गाडी येऊच शकत नाही' असं वाचलं आणि दुसरीकडून माल उचलला. गाडी मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी दारात हजर. 170 किलोची एक, अशा शंभर गाठी, आणि घ्यायला कोणी नाही. 'माइट नॉट रीच' किंवा 'मे नॉट रीच' लिहायला हवं होतं. तिथे 'कुड नॉट रीच'ही चाललं नसतं, कारण त्याचा अर्थ 'पोचू शकली नाही', म्हणजे होऊन गेलेली गोष्ट.

होऊन गेलेल्या गोष्टीचा अंदाज आपण 'असेल'वर भागवतो. सकाळी भाऊ घरात दिसला नाही, 'वावरात गेला असेल': 'ही मे हॅव गॉन टू द फील्ड'. 'माइट हॅव'ही चालेल. गोठ्यात डोकावलं तर बैल नाहीत, बंडी म्हणजे बैलगाडीही नाही. आता 'गेलाच असणार': 'ही मस्ट हॅव गॉन'. शाळेत 'मस्ट' म्हणजे 'पाहिजे' एवढंच शिकवतात, त्यामुळे हे 'मस्ट' हाताशी असून कोणी वापरत नाही. आणि बैल दावणीला, बंडी जागेवर, त्याच्या चपलाही दारात असल्या तर 'ही कान्ट हॅव गॉन', गेला असणं शक्यच नाही. इथे 'ही मस्ट नॉट गो' लिहिलंत तर ती ताकीद होते, त्यानं जायचं नाही अशी.