छातीत दुखल्याने तातडीने दाखल केले, अहवाल नॉर्मल आले आणि क्लेम नाकारला. आता लोकपालाकडे जावे की ग्राहक आयोगाकडे?

आपल्या आईंना मध्यरात्री दाखल करावे लागले आणि आता भरती ‘केवळ तपासणीसाठी’ होती असे म्हणून कंपनीने बिल नाकारले आहे. विमा लोकपालाकडे जावे, हे माझे उत्तर. मात्र याच दोन शब्दांशी मी चार महिने झगडलो असल्यामुळे आधी ती हकिकत सांगतो.

माझे वडील तेव्हा ७१ वर्षांचे होते. रात्री अडीचच्या सुमारास छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते म्हणून ते उठून बसले, तेव्हा त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. रुग्णालयात पहिला ईसीजी साफ निघाला आणि माझे थोरले बंधू तिथेच म्हणाले, “नॉर्मल आहे ना, मग घरी नेऊ, सकाळी आपल्या डॉक्टरांना दाखवू.” पहिला ईसीजी साफ असला तरी झटका नाही असे ठरत नाही आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारे प्रथिन) रक्तात वाढायला काही तास लागत असल्याने ती तपासणी पुन्हा करावी लागते, हे कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही सांगितले होते, दादाने ते ऐकून घेतले नाही, असे माझे आजही म्हणणे आहे. भरतीच्या कागदांवर मी सही केली. वडील तिसऱ्या दिवशी सुखरूप घरी आले, बिल ८६,४०० रुपये झाले, आणि क्लेम नाकारल्याचे पत्र आले तेव्हा दादा म्हणाला, “बघ, कंपनीसुद्धा तेच म्हणते.”

डिस्चार्ज समरीत ‘चेस्ट पेन फॉर इव्हॅल्युएशन’ (छातीत दुखते, तपासणीसाठी) असे लिहिले होते आणि कंपनीने त्यातला शेवटचा शब्द तेवढा वाचला. समरी घाईत लिहिली जाते. तिच्यावर विसंबून भांडणे हा मूर्खपणा आहे. रेकॉर्ड विभागात तीन खेपा घालून मी सगळे इनडोअर केस पेपर मिळवले. त्यात पहाटे ३:१० ची नोंद होती: बीपी ९०/६०, दरदरून घाम, डावा हात जड. त्याखाली रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचे इंजेक्शन आणि परिचारिकेने तासातासाला भरलेला तक्ता होता. शेवटी निदान काय निघाले यावर नव्हे, तर दाखल करताना डॉक्टरांपुढे काय होते यावर भरतीची गरज ठरते, असे पत्र मी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून घेतले आणि सगळे लोकपालांपुढे ठेवले. हातमोजे वगैरे किरकोळ बाबी वजा करून उरलेली रक्कम मिळाली.

आपण प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर एका वर्षाच्या आत लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि मर्यादा ५० लाखांची आहे. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आणि तो आपल्याला पटला नाही तर आयोगाचा मार्ग खुला राहतो. उलट प्रकरण आधीच आयोगापुढे असेल तर लोकपाल ते घेत नाहीत. शिवाय विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार क्लेम समीक्षा समितीच्या मंजुरीशिवाय कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, तेव्हा ती मंजुरी होती का, हे तक्रारीत जरूर विचारावे.

एक मात्र सांगायला हवे. केस पेपरमध्ये औषधोपचाराची एकही नोंद नसेल आणि त्या दोन दिवसांत दुखण्याशी संबंध नसलेल्या तपासण्याच उरकून घेतल्या असतील, तर कंपनीचे म्हणणे खरे ठरू शकते. पण घरातलेच कोणी ‘उगीच भरती केले’ म्हणत असेल, तर त्यांच्या हाती दाखल करतानाच्या नोंदीचा कागद द्यावा. मी दादाला तो दिला आहे. चष्मा घरी राहिल्यामुळे त्याने अजून वाचलेला नाही.