रसाळगड, चिखल आणि साडेचार वर्षांची लेक

प्रश्न : मावशी, आम्ही दापोलीत राहतो. नवऱ्याच्या ग्रुपने श्रावणातल्या एका शनिवार-रविवारी रसाळगड-सुमारगड-महिपतगड असा बेत ठरवलाय. लेक साडेचार वर्षांची आहे, घरामागच्या पाखाडीवरून दिवसभर वरखाली पळत असते. नवरा म्हणतो, "दमली तर घेईन की खांद्यावर." सासूबाई म्हणतात, असल्या चिखलात पोरीला नेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. न्यावं का? आणि बूट कोणते घ्यावेत?
— दोघांच्या कात्रीत सापडलेली आई

उत्तर : अगं, अर्ध्या सासूबाई बरोबर आणि अर्धा नवरा.

तिन्ही गडांचा बेत लेकीपुरता रद्द. सुमारगडाची वाट दाट रानातली, वरचा टप्पा मोठ्या माणसांनाही जपून चढावा लागतो, आणि महिपतगडाचा पसारा एवढा की पोरगी तिथे रडकुंडीला येईल. रसाळगड मात्र जमण्यासारखा आहे. गाडी पायथ्याच्या रसाळवाडीपर्यंत जाते, तिथून चढ थोडका. वर सपाटी, झोलाईचं देऊळ आणि तोफा. तोफेवर हात फिरवला की तिचा गड सर झाला. ग्रुप पुढे जाऊ दे, तुम्ही तिघं देवळात डबा खा आणि खाली या. नवऱ्याला हे निघायच्या आधी घरीच कबूल करायला लाव. वर गेल्यावर पुरुषांचं "आता आलोच आहोत तर" सुरू होतं.

आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा इशारा बघ. ऑरेंज किंवा रेड असला तर पिशवीच भरू नकोस. ७ जुलै २०२४ ला रायगडाच्या पायऱ्यांवरून पाणी कसं लोंढ्याने उतरलं ते आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. बांधीव पायऱ्यांची ती गत, मग मातीच्या पायवाटेचं काय सांगावं!

आता खांद्यावर घेण्याबद्दल. या वयाचं मूल सोळा-सतरा किलोचं असतं. ते खांद्यावर बसलं की आपला तोल वर सरकतो, आणि लाल चिखलात पाय गेला की दोघं एकदमच आडवी. कडेवर घेतलं तर आपल्याच पायाखालचं दिसत नाही. दमली तर बसायचं, गूळ-शेंगदाणे खायचे, बेडकं बघायची. तरीही उठेना तर तिथून परत. उचलून न्यावंच लागलं तर पाठीवर, पंच्याने घट्ट बांधून, आणि तेही कोरड्या, सपाट तुकड्यावर.

धरायचं कसं, हे मी मुद्दाम लांबण लावून सांगते. आपण पोरांना मनगटाला धरतो. पोर घसरलं की आपण हिसका देऊन वर ओढतो, आणि त्याचं सगळं वजन एका हातावर येतं. पाच वर्षांखालच्या मुलांचं कोपर अशा ओढीने निखळू शकतं. पोर एकदम हात हलवायचा बंद करतं आणि कळवळतं. डॉक्टर ते सहज बसवतात, पण रसाळवाडीहून खेडला पोचेपर्यंत तुम्हा दोघांचा जीव टांगणीला लागेल. म्हणून तिला आपलं बोट धरायला द्यायचं, तिला वाटेल तेव्हा ती सोडील. चढ उभा असला तर तिच्या पाठपिशवीचा वरचा पट्टा मुठीत धरायचा. घसरली तर ओढायचं नाही, खाली बसू द्यायचं. चिखलात बुड आपटलं तर फार काही होत नाही.

खरी परीक्षा उतरताना. चढताना पाय आपसूक रोवले जातात, उतरताना पोरं धावत सुटतात. मोठ्या माणसाने तिच्या एक पाऊल खाली, जरा तिरकं उभं राहायचं, म्हणजे ती आली तर आपल्या मांडीवर येईल. जांभ्याच्या पायऱ्यांवर चकाकणारं हिरवं-काळं दिसलं की तिथे पाय नाही, खडबडीत जागा बघून टाकायचा. अगदीच निसरडं असेल तिथे बसून घसरत उतरू दे. चड्डी धुता येते.

बुटांवर फार पैसे घालवू नकोस. गमबूट नको, एकदा आत पाणी गेलं की पखाल होते. खोल खाचांचे, पायात घट्ट बसणारे रबरी तळव्याचे बूट हवेत. आपल्या लाल मातीचा थर त्या खाचांत बसला की बूट कसलाही असो, तो गुळगुळीतच. काडीने मधूनमधून खरवडायचं. हे काम लेकीकडेच दे, मोठ्या मानाने करील. जीन्स नको. भिजली की जड होते आणि वाळायचं नाव घेत नाही.

वर सपाटीवर वारा असतो. ओलं पोर वाऱ्यात फार लवकर गारठतं. बडबडी पोर गप्प झाली, ओठ निळसर दिसले, पाय अडखळू लागले, की आडोशाला नेऊन कपडे बदलायचे. एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ने, आणि थर्मासमध्ये गरम पाणी.

वाटेत पऱ्ह्या, म्हणजे ओढा, लागला आणि पाणी गढूळ होऊन काटक्या-पाला वाहू लागला, तर वर कुठेतरी जोरात कोसळतोय असं समज. ओलांडायचा नाही, गुडघाभर असला तरी. परतताना असं झालं तर काठापासून लांब, उंचावर थांबायचं. छोटा पऱ्ह्या पाऊस थांबला की बहुधा तासा-दोन तासांत उतरतो. डब्यात दोन घावणे जास्तीचे ठेव.

सासूबाईंना मात्र गाडीतून रसाळवाडीपर्यंत घेऊन जा. त्यांनी लहानपणी डोक्यावर इरलं घेऊन लावणीच्या चिखलात पाय घातले असतील. पाय कुठे टाकायचा ते तुझ्या नवऱ्यापेक्षा त्यांना जास्त कळत असेल.

प्रश्न : मावशी, पावसात फुरशांची भीती वाटते. मुलाला फुरसं चावलं तर काय बांधायचं?
— रत्नागिरी

उत्तर : काही बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं तर नाहीच. पोराला चालवायचं नाही. उचलून घ्यायचं, चावलेला हात किंवा पाय न हलवता ठेवायचा, १०८ ला फोन लावायचा आणि प्रतिसर्पविष असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय गाठायचं. हे औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालतं, त्यामुळे साप मारून न्यायची गरज नाही. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास नंतर कोणी परत देत नाही. कातळावर दगड उलथायचे नाहीत आणि फटीत हात घालायचा नाही, एवढं मुलाला निघतानाच सांग.

आणि एक, तू विचारलं नाहीस तरी. शेताच्या चिखलातून फिरून आल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत मुलाला ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना "हा चिखलात खेळला होता" हे आपणहून सांग. कोकणात लेप्टोची, म्हणजे चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची, शंका वेळेवर यायला हवी, आणि ते वाक्य बोलायला आई विसरते. पायाला जखम असेल तर त्या दिवशी चिखल नाही.