मुलांच्या झोपेसाठी स्मार्ट घर : एवढा खर्च करावा का?

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो. मुलगी तीन वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा. रोज रात्री दोघांना झोपवण्यात दीड तास जातो आणि आमचा जीव मेटाकुटीला येतो. आपोआप मंद होणारे दिवे, स्पीकर, स्वतःहून मिटणारे पडदे, कॅमेरा आणि गोष्टींच्या ॲपची वर्गणी असा संच घ्यायचं मनात आहे. संचाला एका महिन्याच्या घरखर्चाएवढे पैसे लागतील. वर्गण्या त्याच्या 10 टक्के, दरवर्षी. अर्धी रक्कम आणीबाणीच्या निधीतून काढू, उरलेली बिनव्याजी हप्त्यांत भरू. निधीत चार महिन्यांचा खर्च आहे. घ्यावा का?

उत्तर : संच घेऊ नका. मुलांच्या खोलीपुरता एक दिवा घ्या, तोही या महिन्याच्या शिलकीतून.

ही चैन आहे असं मी म्हणणार नाही. रोजचा दीड तास दोघांनाही थकवून टाकतो. त्यातला अर्धा तास जरी परत मिळाला, तरी त्यासाठी पैसे मोजण्यात काही चूक नाही. पण तो अर्धा तास संचातली नेमकी कोणती वस्तू मिळवून देणार, ते आधी बघू.

माझ्या मते दिवा. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये तीन ते पाच वर्षांच्या 10 मुलांना झोपेच्या आधी तासभर प्रखर उजेडात ठेवून पाहिलं. मेलाटोनिन, म्हणजे झोपेची चाहूल देणारं संप्रेरक, सुमारे 88 टक्क्यांनी घटलं आणि दिवे मालवून पाऊण तास उलटला तरी बहुतेकांचं पूर्ववत झालं नव्हतं. प्रयोग लहान आहे, पण तुमची मुलगी याच वयाची आहे. तेव्हा झोपायच्या तासभर आधी खोलीतला उजेड मंद आणि पिवळसर व्हायला हवा. 2700 केल्विन (उजेडाचा रंग सांगणारा, खोक्यावरचा आकडा; तो जितका कमी, तितका उजेड पिवळसर) किंवा त्याहून कमीचा, वेळ लावून ठेवता येणारा बल्ब एवढ्यासाठी पुरतो.

बाकीचं काम क्रमाचं आहे. 2009 मध्ये 405 माता आणि त्यांच्या लहान मुलांवर झालेल्या एका अभ्यासात अंघोळ, अंगाला तेल-मलम आणि मग शांत वेळ असा ठरलेला क्रम दोन आठवडे पाळला गेला. मुलं लवकर झोपू लागली, रात्री उठणं कमी झालं. कुठलंही यंत्र त्यात नव्हतं.

आता हिशेब. संच पाच वर्षं चालला असं धरू. वर्गण्या मिळून खर्च दीड महिन्याच्या घरखर्चाएवढा होतो, म्हणजे पाच वर्षं दर महिन्याला घरखर्चाचे अडीच टक्के. तीनच वर्षं चालला तर साडेतीन टक्क्यांच्या वर. आणि ही शंका उगाच नाही. यातली बरीच उपकरणं कंपनीच्या सर्व्हरच्या, म्हणजे दूरच्या संगणकांच्या, जिवावर चालतात. रिव्हॉल्व्ह नावाचा होम हब, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणारी पेटी, 2016 मध्ये कंपनीने सेवा बंद केल्यावर लोकांच्या घरात निकामी होऊन पडला. शिवाय तीन वर्षांनी तुमचा मुलगा नऊ वर्षांचा असेल, त्याला झोपवायला कुणी लागणारही नाही.

निधीला मात्र अजिबात हात लावू नका. लहान मुलांच्या घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा, तुमचा आधीच चारवर अडला आहे. मुलांची झोप ही रोजची अडचण आहे, आणीबाणी नव्हे. बिनव्याजी हप्त्यांत प्रक्रिया शुल्क किती आणि रोखीने घेतल्यास मिळणारी सूट हातची जाते का, हे विचारा. बहुतेकदा व्याज तिथेच दडलेलं असतं.

कॅमेरा आणि स्पीकर यादीतून आत्ताच काढा. मुलांच्या आवाजाची रेकॉर्डिंग नियम मोडून साठवून ठेवल्याच्या आरोपावरून 2023 मध्ये अमेरिकेत ॲमेझॉनने अलेक्साच्या, म्हणजे तिच्या स्पीकरमधून बोलणाऱ्या मदतनिसाच्या, प्रकरणात अडीच कोटी डॉलरचा दंड भरायचं मान्य केलं. गोष्ट तुमच्याच तोंडून ऐकू दे. दिवसभर तुम्ही दोघंही बाहेर असता, मुलांना तेवढंच तर हवं असतं. पडद्यांचं म्हणाल, तर ते ओढायचं काम सहा वर्षांच्या मुलाला आनंदाने करू द्या.

बल्ब लावताना एक अडचण हमखास येते. स्मार्ट बल्बला सतत वीज लागते. मुलाने सवयीने भिंतीवरचं बटण बंद केलं की ठरलेली वेळ येते आणि जाते, दिवा काही लागत नाही. बटणावर चिकटपट्टी लावा, किंवा बल्बऐवजी टायमरवर चालणारा साधा टेबललॅम्प घ्या. मला तोच जास्त पसंत आहे, कारण त्याला ना ॲप लागतं ना वर्गणी.

चार आठवडे रोज दोनच वेळा लिहा : दिवा मंद झाला ती आणि दुसरं मूल झोपलं ती. दीड तासाचा तास झाला, तर यादीतली आणखी एखादी वस्तू घ्यायची का ते तेव्हा बघू. तोवर संचाच्या हप्त्यासाठी जी रक्कम धरली होती, ती दर महिन्याला आणीबाणीच्या निधीत टाका.