पायाखाली एकदम गार पाणी का?

प्रश्न : उद्यानातल्या तलावात पोहताना पाय खाली सोडले की पाणी एकदम गार लागतं. माझी दहा वर्षांची मुलगी घाबरते. खाली झरा असेल का?

उत्तर : झरा असेलच असं नाही. उन्हाने तापलेलं पाणी हलकं, ते वरच राहतं. 4 अंश सेल्सिअसला पाणी सर्वांत जड, म्हणून गार थर तळाशी बसतो. मी मुलांना पोहायला शिकवते. पहिल्या दिवशी त्यांना कमरेएवढ्या पाण्यात उभं करून फक्त सावकाश श्वास सोडायला लावते. गारठ्याने श्वास एकदम आत ओढला जातो आणि तेवढ्यात तोंड पाण्याखाली असेल, तर घात होतो. लेकीला उडी मारू देऊ नका, हळूहळू उतरवा. पाण्यावर हिरवी साय दिसली तर मात्र त्या दिवशी पोहणंच नको. ते शेवाळ विषारी असू शकतं.