आम्ही चाक सोडून आलो, आणि पोरगी परत मातीत चाललीय

पत्र (थोडं कमी करून): "मॅडम, मुलगी बारावी सायन्सला आहे, अभ्यासात बरी आहे. सुट्टीत एका सिरॅमिकच्या वर्कशॉपला गेली आणि तेव्हापासून म्हणते इंजिनिअरिंग नको, मातीची शिल्पं करायचीत. आम्ही कुंभार. वडिलांनी आवा लावून माठ भाजून विकले, मी शिकून बँकेत लागलो आणि घरातलं चाक बंद झालं. आता ही परत तिथेच निघालीय. माझी आई तर रडली. यात पोट भरतं का? एक वडील, संगमनेर."

दादा, नमस्कार. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, आजींच्या रडण्याकडे नंतर येते. पोट भरतं, पण शिल्पावर नाही, निदान सुरुवातीची बरीच वर्षं तरी नाही. या लाइनमधली बहुतेक माणसं कॉफीचे मग, वाट्या, प्लेटा करतात, एखाद्या कॅफेची ऑर्डर घेतात, शनिवार-रविवार क्लास घेतात, आर्किटेक्टकडून म्युरल, म्हणजे भिंतीवरचं मोठं चित्र-शिल्प, मिळालं तर करतात, आणि त्यातून जो वेळ आणि भट्टीतली जी जागा उरते त्यात स्वतःची शिल्पं भाजतात. हे ऐकून मुलीचा चेहरा पडला तर आत्ताच पडू दे, चार वर्षं फी भरल्यावर नको.

आता तुम्ही "परत तिथेच" म्हणताय ना, ते मला पूर्ण पटत नाही. तुमच्या वडिलांचा आवा ७००-८०० डिग्रीपर्यंत जात असेल, माठ पाझरायलाच हवा म्हणून तेवढं पुरतं. ही जे करणार ते स्टोनवेअर, १२०० च्या वर भाजायचं, त्यावर ग्लेझ, म्हणजे काचेचा थर, आणि त्याची रेसिपी ग्रॅमवर मोजायची. केमिस्ट्री तिला लागणारच आहे, तेव्हा बारावी नीट दे म्हणावं. पण माती मळणं, थापी मारणं, माती चिरणार कधी हे बोटाला कळणं, हे तुमच्या घरात होतं आणि शहरातली मुलं तेच पैसे भरून शिकतात.

ब्रह्मदेव राम पंडित यांचं उदाहरण देते. बिहारच्या कुंभार घरातले, चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला ग्रामोदय संघात कृष्णमूर्ती मिरमिरांच्या हाताखाली शिकले, पुढे मुंबईजवळ भाईंदरला स्वतःची पॉटरी उभी केली, आणि २०१३ ला पद्मश्री. मुलंही याच कामात आहेत. म्हणजे जातीचा धंदा आणि स्टुडिओतली कला यांच्यात भिंत आहे असं जे आपल्याला वाटतं ती एका माणसाच्या आयुष्यात ओलांडता येते. पद्मश्री सगळ्यांना मिळत नाही, माहितीय मला, म्हणून उदाहरण त्यासाठी नाही दिलंय. भद्रावतीची ती संस्था गावातल्या कुंभारांना हाताशी धरून उभी राहिली आणि नंतर आर्ट कॉलेजची मुलं तिथे मोठी कामं भाजायला जायला लागली, हे सांगायचं होतं. या कामात एकट्याचं काही चालत नाही हो. मोठी भट्टी एकट्याने भरत नाहीत, लाकडाची असेल तर रात्रभर पाळ्या लावून जागावं लागतं, आणि ज्याच्याकडे भट्टी नाही तो दुसऱ्याच्या भट्टीत कोपरा मागतो. त्यामुळे शाळेत वर्कशॉप घेणं, आजूबाजूच्या कुंभारांसोबत काम करणं, नवीन पोरांना भट्टी वापरू देणं, याला लोक समाजसेवा म्हणतात पण त्यातूनच कामं येतात, ओळखी होतात आणि वाईट वर्षं निघतात.

पुण्यात सिरॅमिकचंच काम करणाऱ्या निर्मला पटवर्धन होत्या, २००७ ला गेल्या. शांतिनिकेतनला शिकल्या, जर्मनीत शिकल्या, इंग्लंडमध्ये बर्नार्ड लीच या नावाजलेल्या कुंभार-कलाकाराकडे काम केलं, आणि आयुष्यभर ग्लेझचे प्रयोग करून ते सगळं पुस्तकात लिहून ठेवलं, म्हणजे रेसिपी लपवून नाही ठेवल्या. बडोद्याच्या ज्योत्स्ना भट्ट, त्यांची मांजरं आणि घुबडं बघा एकदा, शिल्पकला शिकल्या आणि बडोद्यातच कित्येक वर्षं मुलांना सिरॅमिक शिकवत राहिल्या. शिकवणं ही इथे पडेल ती नोकरी नसते, बऱ्याच जणांचा कणा तोच असतो.

मी स्वतः सहा महिने क्लास केलाय, हसू नका. पहिला घोडा केला, पोट भरीव ठेवलं, वरून वाळलाय असं वाटलं म्हणून भट्टीत दिला. आतली ओल, तिची वाफ झाली आणि घोडा फुटला, वर शेजारच्या बाईंचे दोन बाउल घेऊन फुटला. सरांनी काही न बोलता झाडू... नाही, झाडू नाही, ओलं फडकं हातात दिलं. सिरॅमिकच्या स्टुडिओत कोरडं झाडत नाहीत, मातीच्या धुळीत सिलिका असते, वर्षानुवर्षं छातीत गेली तर फुफ्फुसं जातात. मास्क आणि ओली पुसणी, हे मुलीला पहिल्या दिवसापासून. बाकी तेव्हा कळलं की शिल्प आतून पोकळ करतात, भिंत साधारण बोटभर जाड, आणि माती सुकून भाजून दहा-बारा टक्के आकसते, म्हणजे दोन फुटांचं केलं की हातात पावणेदोन येतं. थंड होतानाही ५७३ डिग्रीच्या आसपास मातीतला क्वार्ट्झ, म्हणजे सिलिकाचे स्फटिक, एकदम आकसतो, तिथे घाईने भट्टी उघडली की तडा. या वाट बघण्याचा तिला कंटाळा येतो का तेवढं बघा. वर्कशॉपमध्ये हे दिसत नाही, तिथे फक्त चाक फिरतं आणि रील निघते.

शिक्षणाचं बोलते. महाराष्ट्रात बीएफए, म्हणजे कलेची पदवी, चार वर्षं, त्याच्या प्रवेशासाठी सीईटी सेलची एएसी सीईटी ही परीक्षा असते, पदवीला शिल्पकला हा विषय धरावा. मुंबईचं जेजे आर्ट कॉलेज आता डीम्ड युनिव्हर्सिटी झालंय, त्यामुळे तिथली अ‍ॅडमिशनची पद्धत त्या वर्षीची त्यांच्याच साइटवर बघा. बडोद्याची फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्स मला शिल्पासाठी फार आवडते, तिथे स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते. अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, सिरॅमिक आणि ग्लास डिझाइन आहे, फॉर्म बारावीच्या वर्षातच भरायचा असतो, तारीख चुकवू नका. आणि कोणीतरी नातेवाईक तुम्हाला सांगणारच की आयआयटी बीएचयू नाहीतर राउरकेला एनआयटीला सिरॅमिक इंजिनिअरिंग घे, दोन्ही साधतं. नाही साधत. ते टाइल्स, भट्टीच्या विटा, इलेक्ट्रॉनिक्सचे भाग वगैरे, चांगलं करिअर आहे पण तिथे कोणी शिल्प करत नाही. तिला ते आवडत असेल तर जाऊ दे, फसवून पाठवू नका. डिग्रीनंतर पाँडिचेरीचं गोल्डन ब्रिज पॉटरी, रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ ला सुरू केलं, आपल्याकडचे कितीतरी सिरॅमिकवाले तिथून तयार झालेत.

भट्टी लगेच घेऊन देऊ नका, प्लीज. पालक हौसेने घेतात, मग थ्री फेज कनेक्शन, मग बिल, मग पोरगी म्हणते पेंटिंग करते. पहिली दोन वर्षं भाड्याच्या भट्टीत भाजू दे.

आता आजी. त्या रडल्या त्याचं कारण मला वाटतं पैसा नाही, किंवा फक्त पैसा नाही. त्यांनी गाढवावरून माती आणली असेल, लीद कालवली असेल, पावसात आवा भिजून महिन्याची कमाई गेलेली बघितली असेल, आणि लोक कसे बोलायचे तेही ऐकलं असेल. नातीला त्यातून सोडवलं असं त्यांना वाटत होतं. त्यांना समजावत बसू नका. नातीला सांगा, आजीकडून एक माठ थापायला शिक, दोन महिने, रोज नाही तर रविवारी. आजींनी नाही म्हटलं तर तिथेच थांबा.

मार्चची परीक्षा झाली की मुलीला घेऊन या. येताना तिने केलेल्या पाच वस्तू आणा, फुटलेल्या असतील तर त्याही, का फुटल्या ते तिने मला सांगायचं, तुम्ही नाही.