'एलिफंट अँड कासल'मधला किल्ला

प्रश्न असा आलाय की ऑक्सफर्डशायरमधल्या ब्लॉक्सम गावात 'एलिफंट अँड कासल' नावाचा जुना पब आहे, त्याचं मराठीत 'हत्ती आणि किल्ला' केलं तर चालेल का, आणि पबला बार म्हणावं की गुत्ता.

बार नको. बार म्हणजे पबमधला तो आडवा लाकडी कट्टा, ज्याच्यापलीकडे उभं राहून मालक ग्लास भरतो. आणि पब म्हटलं की डीजे नि एन्ट्री फी, हा आपला पुण्या-मुंबईचा अर्थ इंग्लंडच्या खेड्याला चिकटवलेला मला ऐकवत नाही. पब्लिक हाऊसचं झालं पब, आणि त्यातलं हाऊस म्हणजे खरंच घर! पूर्वी बायका घरीच एल, म्हणजे एक प्रकारची बिअर, बनवायच्या आणि दाराबाहेर काठीला झुडूप बांधलं की गावाला कळायचं, तयार आहे, या. 1830 साली तर कायदाच झाला, घरपट्टी भरणाऱ्या कुणीही दोन गिनी द्याव्या आणि आपल्या घरात बिअर विकावी.

पण खरी गंमत नावात आहे. 1393 साली दुसऱ्या रिचर्डच्या काळात हुकूम निघाला की एल विकणाऱ्याने दारावर खूण लावलीच पाहिजे. वाचता येणारे किती असणार, म्हणून खूण म्हणजे चित्र. आधी चित्र, मग त्यावरून नाव. म्हणून पबच्या नावाचं मूळ शोधताना आवाजावर जायचं नाही, डोळ्यासमोर पाटी आणायची.

आणि या पाटीवर काय दिसतं? हत्ती, आणि त्याच्या पाठीवर बुरूज. अहो, ती अंबारी आहे! मध्ययुगातल्या युरोपात हत्ती बघितलेली माणसं जवळपास नव्हतीच, 1255 साली तिसऱ्या हेन्रीला फ्रान्सच्या राजाने एक हत्ती भेट दिला तर लोक बघायला लोटले. ऐकीव गोष्टींवरून चित्रं काढणाऱ्यांनी पाठीवरच्या हौद्याचा सरळ दगडी किल्लाच करून टाकला, रिपन कॅथेड्रलमधल्या पंधराव्या शतकातल्या लाकडी कामातही तसाच कोरलाय. लंडनच्या सुऱ्या-चाकूवाल्यांच्या मंडळाची खूणही हीच, कारण मुठी हस्तिदंती.

आता बुद्धिबळाचा पट मांडा. आपण ज्याला हत्ती म्हणतो त्यालाच इंग्रज कासल म्हणतात. एकाच सोंगटीची दोन नावं, आपल्याकडे प्राणी राहिला आणि त्यांच्याकडे पाठीवरचं ओझं. त्या सोंगटीचा बुरूज होण्यामागे हाच अंबारीवाला हत्ती आहे असं माझं ठाम मत आहे, या सोंगटीचं इंग्रजीतलं दुसरं नाव रूक, ते फारसी 'रुख'वरून आलं म्हणून वाद घालणारे घालोत, रुखने नाव दिलं, बुरुजाचा आकार नाही दिला.

आणि 'एलिफंट अँड कासल' हा 'इन्फंटा ऑफ कॅस्टील'चा, म्हणजे स्पेनमधल्या कॅस्टीलच्या राजकन्येचा, अपभ्रंश वगैरे कृपा करून पुन्हा सांगू नका. टूर गाइड सांगतात, छापून येतं, तरी खोटंच. ती राजकन्या कोण हेसुद्धा त्यांचं ठरत नाही, कधी पहिल्या एडवर्डची राणी एलिनॉर, कधी पहिल्या चार्ल्सची होता होता राहिलेली बायको. एलिनॉर वारली 1290 साली, इन्फंटा हा शब्द इंग्रजीत आला त्यानंतर तीनेकशे वर्षांनी!

तेव्हा 'अंबारीचा हत्ती' करा, बिनधास्त. गुत्त्याचं राहिलंच की. गुत्ता म्हणजे मुळात ठेका, कानडीत गुत्तिगे, मराठवाड्यात रस्त्याचं काम घेणारा अजूनही गुत्तेदारच. दारूचा गुत्ता म्हणजे दारू विकायचा ठेका, त्यात घर कुठेच नाही, म्हणून पबला पबच राहू द्या.